तंजावूरचे डॅनिश भाडेकरू

१९८३ साली जर्मनीतल्या वीसबाडेन शहरातून मोडी कागदपत्रांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. संपादिका होत्या एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग. कागद मूळचे तंजावूरचे, पण जपलेले डेन्मार्कमधल्या संग्रहांत. मोडी म्हटले की आपल्याला पुण्याचे पेशवे दप्तर आठवते, फार तर तंजावूर राजवाड्यातल्या सरस्वती महालाचे रुमाल. बर्फाळ उत्तरेकडच्या त्या देशात तंजावूरकर कारकुनांची लफ्फेदार अक्षरे पोहोचली कशी, याचे उत्तर राजवाड्यापासून पूर्वेला, समुद्रकाठी, शंभरेक किलोमीटरवर आहे. गावाचे नाव तरंगमबाडी. युरोपीय त्याला ट्रांकेबार म्हणत.

या गावावर सव्वादोनशे वर्षे डॅनिश निशाण फडकत होते. पण डेन्मार्कने हे गाव जिंकलेले नव्हते. जमीन तंजावूरच्या राजाची, आणि तिचे वार्षिक भाडे राजवाड्यात भरायचे, असा मामला होता.

तो सुरू झाला नायकांच्या अमदानीत. १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि दोन वर्षांनी तरुण दर्यासारंग ओव्हे गेदे याच्या हाताखाली जहाजे निघाली ती सिलोनकडे. तिथे डाळ शिजली नाही. दरम्यान पुढे पाठवलेले रोलांड क्रापे याचे जहाज कारैकलजवळ पोर्तुगीजांनी बुडवले. क्रापे मूठभर खलाशांसह निसटला आणि थेट तंजावूरच्या रघुनाथ नायकाच्या आश्रयाला आला. नायकालाही पोर्तुगीजांखेरीज दुसरा गिऱ्हाईक हवाच होता. २० नोव्हेंबर १६२० रोजी करार झाला. डेन्मार्कचा राजा चौथा क्रिस्तियान याला नायकाने सोन्याच्या पत्र्यावर पत्र पाठवले, ते आजही कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. भाडे ठरले सालीना ३,१११ रुपये.

मग समुद्राला लागून किल्ला उठला, डान्सबोर्ग. खाली कोठारे, वर अधिकाऱ्यांच्या राहण्याच्या खोल्या. त्याच्या शेजारी तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावरचे, पांड्य राजा मारवर्मन कुलशेखराच्या काळातले मासिलामणिनाथाचे देऊळ आधीपासून होते. लाटांनी त्याचा बराचसा भाग गिळला.

कंपनीचा धंदा मात्र बेताचाच. डेन्मार्क युरोपातल्या लढायांत गुंतला आणि १६३९ नंतर १६६८ पर्यंत मायदेशाहून एकही जहाज तरंगमबाडीकडे निघाले नाही. जवळजवळ तीस वर्षे! गव्हर्नर विल्लेम लाइल याला त्याच्याच माणसांनी बंड करून घालवले. माणसे मरत गेली, आणि शेवटी उरला एस्किल्ड अँडरसन काँग्सबाके नावाचा एकच डॅनिश माणूस. ना खानदान, ना शिक्षण. बंगालच्या उपसागरातली जहाजे लुटून त्याने पैसा उभा केला, त्या पैशातून गावाभोवती तट बांधला आणि तंजावूरच्या फौजेला दाद न देता किल्ला राखला. १६६९ मध्ये डॅनिश जहाज आले तेव्हा किल्ला डेन्मार्कचाच होता. डॅनिश वसाहतवादाचा सगळ्यात चिवट शिलेदार असा लुटारू निघावा, याची त्या देशाला लाज वाटावी की अभिमान, कोण जाणे.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावूर घेतले आणि जमीनमालक मराठे झाले. पुढचे कागद मोडीत आहेत ते यामुळे. संबंध गोडीगुलाबीचेच होते असे नव्हे. व्यंकोजींचा मुलगा शहाजी याच्या फौजेने १६९९ मध्ये तरंगमबाडीला वेढा घातला होता आणि मद्रासच्या इंग्रजांनी मदत पाठवल्यावर डॅनिशांची सुटका झाली. शहाजीला आपण ओळखतो तो यक्षगानांचा कर्ता आणि कवी-पंडितांचा आश्रयदाता म्हणून. वेढे घालणारा शहाजी पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

९ जुलै १७०६ रोजी किनाऱ्यावर दोन जर्मन पाद्री उतरले, बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाउ. पाठवणारा डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक, शिकलेले मात्र जर्मनीतल्या हाले शहरात. गंमत अशी की त्यांच्या वाटेत पहिला अडसर आला तो डॅनिश गव्हर्नरच. व्यापाऱ्यांना धर्मप्रचाराची कटकट नको होती. हासिउस या गव्हर्नरने झिगेनबाल्गला चार महिने डान्सबोर्गमध्ये कोंडून ठेवले. बाहेर आल्यावर तो मन लावून तमिळ ग्रंथ वाचत बसला आणि दक्षिणेतल्या देवतांवर त्याने एक ग्रंथ लिहिला. तो हालेला पोहोचताच वडीलधारे संतापले: मूर्तिपूजा मोडायला पाठवले, हा तिचे वर्णन करतो! ग्रंथ दीडशे वर्षे पडून राहिला आणि अखेर १८६७ मध्ये मद्रासला छापला गेला.

या पाद्र्यांचा छापखाना मात्र चालला. हालेहून तमिळ खिळे आले, १७१४-१५ मध्ये तमिळ नवा करार छापून झाला आणि शेजारच्या पोरैयारला कागदाची गिरणी निघाली. १७१८ मध्ये न्यू जेरुसलेम चर्च पुरे झाले. पुढच्याच वर्षी झिगेनबाल्ग वारला. वय अवघे छत्तीस. त्याच चर्चमध्ये त्याची कबर आहे.

राजवाड्याशी खरे नाते जोडले ते क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झने. १७५० मध्ये तो तरंगमबाडीला आला, पुढे तिरुचिरापल्लीला आणि तिथून तंजावूरला. तमिळ, फारसी आणि मराठीही शिकला. १७८७ मध्ये तुळजाजी राजे वारले. दत्तक मुलगा सरफोजी लहान, त्यामुळे गादीवर बसले अमरसिंह. या मुलाचा सांभाळ श्वार्ट्झने केला आणि जिवाला धोका वाटल्यावर त्याला १७९३ मध्ये मद्रासला पाद्री गेरिके यांच्याकडे शिकायला ठेवले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ गेला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजवाड्यापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प आहे: अंथरुणावरचा वृद्ध पाद्री आणि त्याचा हात धरून उभा असलेला मराठा राजा. थडग्यावरच्या इंग्रजी ओळीही राजाच्याच. शिष्य शेवटपर्यंत हिंदूच राहिला.

सरफोजींनी तरंगमबाडीकडून घेतले ते धर्मापलीकडचे. तिथला पाद्री क्रिस्टोफ सामुएल योन शंख-शिंपले आणि मासे गोळा करी, बर्लिनच्या ब्लॉख या मत्स्यतज्ज्ञाला पाठवी. तांबोशीच्या जातकुळीतल्या एका माशाचे शास्त्रीय नाव आजही योनच्या नावावर आहे. रोटलर हा दुसरा पाद्री झाडापाल्याच्या मागे. ही मंडळी सरफोजींच्या ओळखीची, आणि राजवाड्यात जे घडले त्यात तरंगमबाडीच्या हवेचा अंश दिसतो: युरोपीय ग्रंथांची भर पडून समृद्ध झालेला सरस्वती महाल, नेत्ररोग्यांच्या चित्रांसह ठेवलेल्या नोंदी, नव्या विद्येच्या शाळा, देवनागरी छापखाना. १८०६ मध्ये सख्खण पंडितांची ‘बालबोध मुक्तावली’, म्हणजे इसापच्या गोष्टींचे मराठी रूप, इथे छापले गेले.

त्याच्या आदल्या वर्षी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले होते, आणि श्रीरामपूर तेव्हा डॅनिशांचेच होते. मराठीची ही पहिलीवहिली देवनागरी पुस्तके पुण्या-मुंबईच्या कितीतरी आधी, एक डॅनिश गावात आणि एक डॅनिशांच्या शेजारी निघाली. आपल्या मुद्रणाच्या इतिहासात श्रीरामपूरचा उल्लेख नेमाने होतो, तंजावूरचा जाता जाता, तरंगमबाडीचा जवळजवळ होतच नाही. हे बरोबर नाही.

युरोपात लढाया पेटल्या की तटस्थ डॅनिशांचे फावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावाला बरकत आली. १७८४ चा गव्हर्नरचा बंगला आणि १७९२ चा गावदरवाजा त्या दिवसांतले. १८०८ मध्ये इंग्रजांनी गाव घेतले आणि १८१५ ला परत केले, पण व्यापाराची रया गेली ती गेलीच. १८४५ मध्ये तरंगमबाडी आणि श्रीरामपूर दोन्ही साडेबारा लाख रुपयांना इंग्रज कंपनीला विकली गेली. दहा वर्षांनी दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले आणि मूळ मालकाचे राज्यही त्याच कंपनीच्या घशात गेले.

रेल्वे १८६१ मध्ये नागपट्टणला गेली, तरंगमबाडीला १९२६ पर्यंत आलीच नाही, आणि आली ती १९८६ मध्ये बंद झाली. त्यामुळे कोणी काही नवे बांधले नाही, आणि जुने गाव टिकले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने कोळीवाडा उद्ध्वस्त केला. नंतर इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने आणि डॅनिश संस्थांनी जुनी घरे दुरुस्त करायला हात लावला. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या साहाय्याने गव्हर्नरचा बंगलाही सावरला.

मराठी पर्यटक तंजावूरला बृहदीश्वर पाहतो, राजवाडा पाहतो आणि रामेश्वरच्या गाडीत बसतो. एक दिवस वाढवला तर मयिलादुथुरैपर्यंत रेल्वे, तिथून तासाभराची बस. किंग्ज स्ट्रीट दरवाज्यापासून सरळ समुद्राकडे जातो, वाटेत दोन चर्चे लागतात, आणि डान्सबोर्गमध्ये तमिळनाडू सरकारचे संग्रहालय आहे. तिथल्या काचेखाली डॅनिश राजांच्या मुद्रांची तांब्याची आणि शिशाची नाणी मांडलेली आहेत. तंजावूरच्या मुलखातल्या बाजारात ती चालावीत म्हणून पाडलेली.