थंडी : आकड्यातली आणि अंगातली

बँकेच्या नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला, की घरात पहिला प्रश्न निघतो तो मुलांच्या शाळेचा आणि दुसरा हवापाण्याचा. बंगळुरूला निघालेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने "तिकडे थंडी कितपत असते हो?" असे कुणाला ना कुणाला विचारलेले असते. उत्तरही ठरलेलेच असते : "हवा छान आहे, पण स्वेटर जवळ असू द्या." समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहराला थंड हवेचा लौकिक जुनाच आहे. मार्गशीर्ष लागला की पहाटे दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकाच्या कानावर मफलर किंवा लोकरी टोपी चढते आणि शेजारी भेटताच "तुंबा चळी", म्हणजे "फार थंडी", हे दोन कानडी शब्द आपल्याही कानांवर पडतात.

हवामान खात्याच्या जुन्या नोंदी चाळल्या, तर मात्र थोडे आश्चर्य वाटते. बंगळुरूतील आजवरचे नीचांकी तापमान 7.8 अंश सेल्सिअस असून ते 13 जानेवारी 1884 रोजी नोंदले गेले. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी तो विक्रम अबाधित आहे. याउलट घामासाठी प्रसिद्ध असलेल्या मुंबईने 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश अनुभवले आहेत. पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांवर, नाशिकला 7 जानेवारी 1945 रोजी 0.6 अंशावर, तर उन्हाळ्यासाठी ख्यात असलेल्या नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंशांवर उतरला होता. म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने ही सर्व शहरे बंगळुरूपेक्षा अधिक गारठलेली आहेत! मग "तिकडे थंडी असते" हा आपला समज खोटा म्हणावा काय? तसेही नाही. थंडीचा हिशेब केवळ पाऱ्यावर मांडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

थंडी येते कोठून?

महाराष्ट्रातील कडाक्याची थंडी बहुधा उत्तरेकडून येते. हिमालयात हिमवृष्टी करून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकले, की मागाहून कोरडे, थंड वारे मैदानात उतरतात. आकाश निरभ्र असेल, तर दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने अवकाशात सोडते आणि पहाटे पारा घसरतो. 16 जानेवारी 1935 रोजी दिल्लीत उणे 0.6 अंश तापमान नोंदले गेले आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याने आपला नीचांक गाठला, यावरून या लाटांची धाव किती लांबवर असते ते ध्यानात येते. दक्षिणेकडे जाता जाता मात्र या वाऱ्यांचा जोर ओसरतो. बंगळुरू तर विषुववृत्तापासून जेमतेम 13 अंशांवर आहे. तेथे जो गारवा आहे, तो मुख्यत्वे उंचीचा.

बंगळुरूची थंडी दोन प्रकारची असते. पहिली जानेवारीतील निरभ्र रात्रींची. या महिन्यात पहाटेचे सरासरी किमान तापमान 15 ते 16 अंशांच्या आसपास असते. एखाद्या वर्षी ते 12 अंशांपर्यंत उतरते, पण सूर्य वर आला की दिवस सुखाचा जातो. दुसरी थंडी मात्र बाहेरगावच्या माणसाला चकवते. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठले, की बंगळुरूवर दिवसेंदिवस ढगांचे छत राहते, भुरभुर पाऊस लागतो आणि दुपार झाली तरी ऊब येत नाही. 2022 च्या डिसेंबरात 'मांदूस' आणि 2024 च्या नोव्हेंबरअखेरीस 'फेंगल' या वादळांच्या वेळी शहराने असेच दिवस काढले. अशा दिवसांत रात्रीचा पारा फारसा उतरत नाही, तरीही हुडहुडी भरते. कारण कपडे वाळत नाहीत, भिंती ओल धरतात आणि गच्चीवरचा सौर बंबही रुसतो. कर्नाटकात 2007 पासून नव्या मोठ्या घरांना सौर बंब सक्तीचे झाले, त्यामुळे बंगळुरूच्या गच्च्यांवर ते ओळीने दिसतात. पण ऐन गरजेच्या ढगाळ दिवशी त्यांतून कोमट पाणीच येते. म्हणून विजेच्या गीझरची जोड ठेवावी लागते. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांपर्यंत तापविण्यास साधारण अर्धा युनिट वीज लागते, एवढा हिशेब लक्षात असला की महिनाअखेरीच्या देयकाचे आश्चर्य वाटणार नाही.

एकच आकडा, तीन शहरे

हवामान खात्यालाही थंडीची सापेक्षता मान्य आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी खाली गेले असेल, तर 'थंडीची लाट' म्हटली जाते. तापमान 4 अंश वा त्याहून कमी झाल्यास सरासरी न पाहताच लाट धरतात. समुद्रकिनाऱ्यावरील ठिकाणांसाठी मात्र 10 ऐवजी 15 अंशांची मर्यादा आहे.

आता पहाटेचे 12 अंश हा एकच आकडा घेऊन पाहू. जानेवारीत दिल्लीकर त्याला ऊबदार पहाट म्हणेल. मुंबईत तेच 12 अंश सरासरीच्या बरेच खाली असल्याने अधिकृत थंडीची लाट ठरू शकतात. बंगळुरूत मात्र 10 अंशांची अट पुरी न झाल्याने लाट जाहीर होणार नाही, परंतु घरोघरी कपाटातील रजया निघतील. आकडा एकच, पण तीन शहरांची शरीरे, घरे आणि सवयी निराळ्या. थंडी बाधते ती पारा उतरल्यामुळे जितकी, तितकीच तयारी नसल्यामुळे.

काश्मीरचे उदाहरण पाहा. तेथे 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान' हा अतिकडाक्याचा काळ असतो. पण तो येणार हे सर्वांना ठाऊक असते. भाज्या उन्हाळ्यातच वाळवून ठेवलेल्या असतात, अंगात पायघोळ फेरन असतो आणि फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी. लडाखात मातीच्या जाड भिंती दिवसाचे ऊन साठवून रात्री परत देतात. आपली घरे मात्र उन्हाळ्याला सामोरे जाण्यासाठी बांधलेली आहेत. वारा खेळावा म्हणून मोठ्या खिडक्या, पाय थंड राहावेत म्हणून शहाबादी किंवा लाल कोब्याची फरशी, उष्ण हवा निघून जावी म्हणून छताजवळ झरोके. मे महिन्यातील हे सारे मित्र जानेवारीच्या पहाटे वैरी होतात. म्हणून साध्या उपायांचे मोल अधिक. जमिनीवर सतरंजी किंवा चटई, दक्षिणेकडील खिडकीतून दुपारचे ऊन आत येऊ देणे, सूर्यास्तापूर्वी खिडक्या लावणे, पायांत मोजे आणि एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ कपडे. कपड्यांच्या थरांत अडकलेली हवाच खरी ऊब देते.

बंद खोलीतील अदृश्य शत्रू

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. थंडीपेक्षा थंडीवरील चुकीचा उपाय कित्येकदा अधिक घातक ठरतो. खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे, किंवा बंदिस्त न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू ठेवून स्नान करणे, हे दोन्ही प्राणांवर बेतू शकते. अपुऱ्या हवेत जळण जळले की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. प्रथम डोके दुखते, मळमळते, गुंगी येते; आणि झोपेतच असलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. दर हिवाळ्यात अशा दुर्घटनांच्या बातम्या आपण वाचतो. निवारण मात्र सोपे आहे. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. शेगडी झोपण्यापूर्वी खोलीबाहेर न्यावी. कुणाला गुंगी आल्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणून वैद्यकीय मदत मागवावी.

वृद्ध, बालके आणि नोव्हेंबर महिना

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरील ताणही वाढतो. म्हणून हृदयविकार वा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांनी ऐन पहाटेचा फेरफटका ऊन पडल्यावर घ्यावा आणि औषधांच्या मात्रेबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी करू नये. मद्याने ऊब येते हा समजही फसवा आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने क्षणभर उष्ण वाटते, पण शरीरातील उष्णता त्याच वाटेने निसटून जाते. तान्ह्या बाळाला ही ऊब आपली आपण राखता येत नाही. त्याला छातीशी धरणे हा सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय.

आपल्या शाखांच्या दृष्टीने नोव्हेंबर महत्त्वाचा, कारण निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा तो महिना. थंडी नुकतीच सुरू झालेली असते आणि बँक उघडण्यापूर्वीच मफलर गुंडाळलेली वडीलधारी मंडळी दाराशी उभी असतात. त्यांनी हे कष्ट घेण्याची आता गरज उरलेली नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' सुविधेमुळे दाखला डिजिटल पद्धतीने देता येतो, आणि 2021 पासून केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना भ्रमणध्वनीवर चेहरा ओळखण्याच्या तंत्राने तो घरबसल्या देण्याची सोय झाली. 80 वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. 70 वर्षांवरील व अपंग ग्राहकांना घरपोच मूलभूत बँकसेवा द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा आदेश आहे. ज्येष्ठांच्या नातवंडांनी एक दुपार काढून आजोबांना हे शिकवावे, आणि आम्ही कर्मचाऱ्यांनी रांगेतील पहिल्या आजीला आधी खुर्ची द्यावी व मग अर्ज.

शेतातील थंडी

घरात जी थंडी रजई मागते, ती शेतात कधी वरदान असते, तर कधी आपत्ती. गहू आणि हरभरा थंडीवर पोसतात. कोकणात हापूसला मोहोर येण्यासाठी गारवा लागतोच, पण तो लांबला तर फळे धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कोवळी फळे गळतात. निफाडच्या द्राक्षबागांत पारा फार उतरला की मण्यांची वाढ थांबते व मणी तडकतात. म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात आणि ठिबकने पाणी देतात. जळगावच्या केळीलाही ही थंडी सोसत नाही. तेथे बागेभोवती वारा अडविणारी झाडे लावतात, घडांवर पिशव्या चढवितात. महाराष्ट्रात केळी व द्राक्ष यांसारख्या पिकांसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत कमी तापमानाच्या धोक्याचाही समावेश असतो. अटी व मुदती पिकागणिक निराळ्या असल्याने बागायतदारांनी हिवाळ्याची वाट न पाहता वेळीच शाखेत चौकशी करावी. थंडी पडल्यावर विमा काढता येत नाही.

उंबरठ्याच्या आतले आणि बाहेरचे

एरवी हिवाळा हा आनंदाचाच ऋतू. बंगळुरूत कार्तिकाच्या अखेरच्या सोमवारी बसवनगुडीला भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, 'कडलेकाई परिषे', भरते. पाठोपाठ आपल्या वालाची बहीण शोभावी अशी 'अवरेकाई' बाजारात येते आणि दव पडल्याने तिला वास चढतो, असे जाणकार सांगतात. संक्रांतीला आपण भोगीची मिसळ भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिळगूळ करतो, तर बंगळुरूचे शेजारी तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे यांचे 'एळ्ळू-बेल्ल' वाटतात. हिवाळ्यात स्निग्ध आणि उष्ण आहार घ्यावा, हे दोन्ही प्रांतांच्या पूर्वजांनी जणू एकमेकांना विचारूनच ठरविले असावे.

पण ही सारी ऊब उंबरठ्याच्या आतली आहे. शाखा बंद झाल्यावर एटीएमच्या दाराशी रात्र काढणारा पहारेकरी, उड्डाणपुलाखाली निजलेले मजुराचे कुटुंब, पहाटे वर्तमानपत्रे वाटणारा मुलगा यांच्यासाठी 12 अंश हेच 2 अंश असतात. आपल्या इमारतीच्या रखवालदाराला एक जुनी पण धड रजई, थर्मासभर चहा आणि वारा लागणार नाही अशी बसण्याची जागा देण्यास कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही. थंडीची लाट जाहीर होण्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. पहाटे खिडकी लावताना आपल्याला शिरशिरी आली, तर खिडकीपलीकडच्या माणसाला काय होत असेल, हे समजण्यास तापमापक लागत नाही.

सर्व ग्राहक व सहकारी बंधू-भगिनींना हा हिवाळा ऊबेचा जावो!