गायक थांबतो आणि गिटार रडायला लागते : संथ कंट्री गाण्यांतल्या पेडल स्टीलची गोष्ट

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडते आणि मग येतं आंबिवली. लग्नसराईत या पट्ट्यात संध्याकाळी उतरलात तर एक आवाज हमखास कानावर पडतो. हळदीच्या मांडवातल्या बेंजोचा.

ज्याला आपल्याकडे बेंजो म्हणतात तो खरं तर बुलबुल तरंग. टाईपरायटरसारखी बटणं, खाली तारा. बटण दाबलं की सूर ठरलेला. त्यामुळे नाचायला हे वाद्य एक नंबर.

पण याच बेंजोवर एखादं रडवणारं संथ गाणं वाजवून बघा. सूर सगळे बरोबर लागतात, तरी काळजाला हात घातल्यासारखं काही होत नाही.

कारण साधं आहे. रडणारा माणूस एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारत नाही. तो घसरत घसरत तिथे पोचतो. आपल्या संगीतात या घसरण्याला मींड म्हणतात.

आपल्या कानाला ही मींड किती महत्त्वाची वाटते? तर १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर चक्क बंदी घातली होती. पेटीवर मींड निघत नाही, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप होता. ती बंदी तीसेक वर्षं टिकली.

आता अमेरिकेत बघा. तिथल्या गावाकडच्या माणसाचं संगीत म्हणजे कंट्री. शेती, ट्रक, दारू, मोडलेला संसार आणि सोडून गेलेलं माणूस हे त्याचे ठरलेले विषय. या लोकांनी मींड काढण्यासाठी एक आख्खं यंत्रच उभं केलं. त्याचं नाव पेडल स्टील गिटार. संथ कंट्री गाण्यात गायक दम घ्यायला थांबतो, तेव्हा मागून जो हुंदक्यासारखा आवाज येतो तो हिचाच.

पण ही गोष्ट अमेरिकेत सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. तिचा एक फाटा थेट मुंबईत येतो.

सुरुवात हवाई बेटांवर

साल साधारण १८८५ ते १८९०. हवाईतल्या ओआहू बेटावर जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी पोरगा गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायला लागला. डाव्या हाताच्या बोटांनी तार दाबायच्या ऐवजी तो तिच्यावरून लोखंडाचा तुकडा सरकवायचा. स्टील गिटारचं श्रेय बहुतेक वेळा त्यालाच दिलं जातं.

यात एक भारतीय धागासुद्धा आहे. भारतात जन्मलेला गेब्रियल डेव्हियन नावाचा माणूस १८८४ च्या सुमारास हवाईत अशीच गिटार वाजवायचा, असं चार्ल्स किंग या हवाईयन संगीतकाराने सांगून ठेवलंय. दावा वादातला आहे, पण अगदीच हवेतला वाटत नाही. आपल्याकडे विचित्र वीणा याच तत्त्वावर वाजते. तारेवरून काचेचा गोळा फिरवायचा आणि मींड काढायची.

पुढे १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं आणि तिथून हवाईयन संगीताचं वेड अमेरिकाभर पसरलं. हे वेड इतकं होतं की रिकनबॅकर कंपनीची बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवरची स्टील गिटारच होती. ती १९३२ च्या सुमारास आली. दिसायला तव्यासारखी, म्हणून लोकांनी तिचं नावच ठेवलं ‘फ्राईंग पॅन’.

आणि मग ती भारतात आली

हवाईयन कलाकारांची मंडळं जगभर दौरे करायची. त्यातलं ताऊ मो यांचं कुटुंब १९४० च्या दशकात कोलकात्यात मुक्कामाला होतं. त्या काळात कोलकात्यात या गिटारचं असं काही बीज पडलं की पुढे तिच्यावर रवींद्र संगीत वाजायला लागलं. काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध, बटुक नंदी, सुनील गांगुली ही त्या परंपरेतली नावं.

मुंबईत हे काम केलं ते व्हॅन शिप्ली आणि एस. हजारा सिंग यांनी.

शिप्ली मूळचे लखनऊचे. व्हायोलिन आणि हवाईयन गिटार अशी दोन्ही वाद्यं वाजवायचे. स्वतःसाठी त्यांनी आठ तारांची गिटार करून घेतली होती. पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्याबरोबरच्या त्यांच्या तबकड्या खूप गाजल्या. २००८ मध्ये शिप्ली मुंबईत वारले. हजारा सिंग यांनीही हिंदी गाण्यांच्या चाली याच गिटारवर वाजवून तबकड्या काढल्या.

यात एक गंमत आहे. या तबकड्यांवर बऱ्याचदा ‘इलेक्ट्रिक गिटार’ एवढंच छापलेलं असायचं. त्यामुळे घरोघरी लोकांना वाटायचं की गळ्यात अडकवून वाजवतात तीच ही गिटार. प्रत्यक्षात वादक बसून, आडव्या ठेवलेल्या वाद्यावर पोलादी कांडी फिरवत असायचा.

ज्यांच्या घरात रेडिओ होता त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको. दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की गाण्याची चाल लागायची, शब्दांशिवाय. शब्द नसले तरी ऐकणारा ते मनातल्या मनात म्हणायचाच. गिटार गळ्यासारखी वाजायची, म्हणून ते जमायचं.

मग पेडल कशाला लागलं?

खरा मुद्दा इथे आहे.

कांडीने वाजवायच्या साध्या स्टील गिटारची एक अडचण असते. कांडी सरकवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकदम, सारख्याच अंतराने सरकतात. एक सूर वर न्यायचा आणि दुसरा जागेवर ठेवायचा, हे सहज जमत नाही.

आपल्या गाण्यांना त्याने काही अडत नाही. आपल्याकडे एकच सुरावट पुढे चालते, त्यामुळे एका तारेवरची मींड पुरते. कंट्रीत मात्र सुरावटीच्या खाली तीन-तीन सुरांचे कॉर्ड बदलत असतात. तिथे हवी होती अनेक सुरांची मींड, तीही प्रत्येकाची वेगळी.

म्हणून तारांना पेडल जोडले.

पेडल स्टील समोरून बघितली तर एखाद्या टेबलासारखी दिसते. चार पाय, वर बहुतेक वेळा १० तारा. डाव्या हातात कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. डाव्या पायाखाली साधारण ३ पेडल, गुडघ्यांनी ढकलायच्या चार-पाच पट्ट्या, आणि उजव्या पायाखाली आवाज लहान-मोठा करणारं आणखी एक पेडल. शिलाई मशीनवर हात-पाय एकत्र चालतात ना, तसंच, पण त्याच्या कितीतरी पट अवघड.

पेडल दाबल्यावर काय होतं ते सरगममध्ये बघू. समजा वादकाने तीन तारा छेडल्या : सा, ग आणि प. सूर घुमत असतानाच त्याने पहिले दोन पेडल दाबले. ग ची तार हळूच म वर चढते. प ची तार ध वर चढते. आणि सा? तो आहे तिथेच राहतो.

सा-ग-प चं सा-म-ध झालं, पण मधे कुठेही सांधा दिसला नाही. दोन सूर निघून गेले, एक मागे राहिला. विरहाच्या गाण्याला यापेक्षा जास्त काय हवं?

दुसरी करामत उजव्या पायाची. तार छेडताना वादक आवाज थोडा दाबून ठेवतो आणि ती विझायला लागली की पेडलने आवाज वाढवत नेतो. त्यामुळे छेडल्याचा ‘टण्’ लपतो आणि सूर श्वासासारखा लांबतो. गिटार छेडल्यासारखी न वाटता गायल्यासारखी वाटते ती यामुळे.

ज्या गाण्याने सगळं बदललं

पेडल लावलेल्या गिटार आधीही होत्या. पण पेडलचा उपयोग मुख्यतः एका जुळणीवरून दुसऱ्या जुळणीवर जायला व्हायचा.

१९५३ च्या शेवटी बड आयझॅक्स या वादकाने वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात सूर वाजत असतानाच पेडल दाबला, आणि सूर वाकताना लोकांनी स्पष्ट ऐकला. १९५४ मध्ये गाणं बाजारात आलं आणि कंट्रीच्या यादीत तब्बल १७ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं.

हे ऐकून इतर स्टीलवाल्यांची झोप उडाली. जो तो आपल्या गिटारला पेडल बसवायच्या मागे लागला. पुढे बडी एमन्स आणि शॉट जॅक्सन या दोन वादकांनी ‘शो-बड’ नावाने पेडल स्टील बनवायचा कारखानाच काढला.

कुठली गाणी ऐकायची?

हे तुकडे लहान असतात, बऱ्याचदा अर्ध्या मिनिटाच्या आतले. नुसतं गाणं ऐकलं तर निसटून जातात. म्हणून काय ऐकायचं ते ठरवून ऐका.

‘आय’म सो लोनसम आय कुड क्राय’, हँक विल्यम्स, १९४९. स्टीलवर जेरी बर्ड. पेडल अजिबात नाही, फक्त कांडी. सुरुवात इथून करा म्हणजे पुढचा फरक कळेल. बर्ड यांनी पेडल कधीच मनापासून स्वीकारला नाही. १९७२ मध्ये ते थेट हवाईत राहायला गेले आणि या वाद्याच्या माहेरी तिथल्या मुलांना ते शिकवत राहिले.

‘स्लोली’, वेब पिअर्स, १९५४. इथे एका तारेचा सूर वाकतो आणि शेजारचा हलत नाही. वर सांगितलेलं सा-म-ध कानाने शोधा.

‘नाइट लाइफ’, रे प्राइस, १९६३. गाणं विली नेल्सनचं, स्टील बडी एमन्स यांची. रात्री उशिरा रिकाम्या होत चाललेल्या बारमध्ये बसल्यासारखं वाटतं. कंट्री आणि जॅझ यांच्या मधल्या वाटेवरून ही गिटार चालते.

‘स्टँड बाय युअर मॅन’, टॅमी वायनेट, १९६८. स्टीलवर पीट ड्रेक. इथे मोठ्या सोलोची वाट बघू नका. दोन ओळींच्या मधली जागा ऐका. गायिका बोलते, गिटार हुंकार देते.

‘फेअरवेल पार्टी’, जीन वॉटसन, १९७९. आपल्या अंत्ययात्रेची कल्पना करणाऱ्या प्रियकराचं गाणं. लॉइड ग्रीन यांची स्टील सुरुवातीलाच इतकं सांगून जाते की गायकाला फक्त होकार द्यायचा उरतो.

‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’, जॉर्ज जोन्स, १९८०. मरेपर्यंत प्रेम करेन म्हणणारा माणूस अखेर प्रेम करायचं थांबवतो, कारण तो मेलेला असतो. पुन्हा पीट ड्रेक. रडण्याची पूर्ण मुभा असलेल्या गाण्यात वादकाने स्वतःला किती आवरलंय, हे ऐकण्यासारखं आहे.

कंट्री ऐकायची सवयच नसेल तर बॉब डिलनच्या १९६९ च्या ‘ले लेडी ले’ पासून सुरुवात करा. मागे वाजणारी स्टील पीट ड्रेक यांचीच आहे.

नावं कुणाला माहीत असतात?

वरच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे वादकाचं नाव देता आलं. हे आपोआप झालेलं नाही.

त्या काळात नॅशव्हिलच्या स्टुडिओत तीन तासांचं एक सत्र असायचं. वादक यायचे, एका सत्रात तीन-चार गाणी उरकायचे, मजुरी घ्यायचे आणि निघायचे. तबकडीवर नाव गायकाचं. पण स्टील वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी या नावांचा माग काढला, कोणता तुकडा कोणाचा यावर वर्षानुवर्षं वाद घातले, वादकांसाठी वेगळा हॉल ऑफ फेम उभारला. पीट ड्रेक यांना तर कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्येसुद्धा जागा मिळाली.

मुंबईतही काम असंच चालायचं. संगीतकाराचं नाव पडद्यावर, गायकाचं तबकडीवर, आणि मधल्या तुकड्यात जीव ओतणाऱ्या माणसाचं बहुतेक वेळा कुठेच नाही. शिप्ली आणि हजारा सिंग यांची नावं आज सापडतात ती मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या तबकड्या निघाल्या म्हणून. सिनेमाच्या गाण्यांत कोणता तुकडा नेमका कोणी वाजवला, याची पक्की नोंद कित्येक गाण्यांच्या बाबतीत झालीच नाही. पुढे सिंथेसायझर आले, स्टुडिओतली मोठी वाद्यवृंदं आटली आणि विचारायचं कुणाला हेही कळेनासं झालं.

हवाईयन गिटार भारतातून संपली असं मात्र नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची तबकडी आजही ऐकली जाते. विश्वमोहन भट्ट यांनी तिची मोहनवीणा केली आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबत १९९४ मध्ये ग्रॅमी घेतलं. म्हणजे हवाईहून निघालेले दोन फाटे शंभर वर्षांनी एका खोलीत बसून वाजले.

तेव्हा पुढच्या वेळी लोकलमध्ये इयरफोन लावून जुनं संथ गाणं ऐकत असाल, मग ते नॅशव्हिलचं असो की मुंबईचं, तर अंतरा संपल्यावर पुढे ढकलू नका. घसरत येणारा तो सूर पूर्ण ऐका. आणि तो वाजवणारा माणूस तुमच्या घरातला, चाळीतला किंवा ओळखीचा असेल, तर त्याचं नाव आणि गाणं लिहून ठेवा. कारण ती नोंद दुसरीकडे कुठे असेलच असं नाही.