टास्कबारवरची टाचणी

समजा, शाळेच्या संगणक-कक्षात बसून तुम्ही विज्ञान प्रदर्शनासाठी आठ पानांचा प्रकल्प लिहून काढला. घरी नेण्यासाठी पडद्यावरचे त्याचे चिन्ह माऊसने ओढून पेन ड्राइव्हवर टाकले. घरी येऊन उघडायला गेलात, तर संगणक म्हणतो, अशी फाइल सापडत नाही! मग आठ पाने गेली कुठे? ती कुठेही गेलेली नाहीत. शाळेच्या संगणकावर ती जिथल्या तिथे आहेत. तुम्ही घरी आणलात तो प्रकल्प नव्हता, तर प्रकल्प कोठे ठेवला आहे हे सांगणारी एक चिठ्ठी होती. या चिठ्ठीलाच ‘शॉर्टकट’ म्हणतात.

मोठ्या ग्रंथालयात तालिकापत्रांचे कपाट असते, ते तुम्ही पाहिले असेल. लहान लहान खणांत पत्रे ओवून ठेवलेली असतात आणि प्रत्येक पत्रावर पुस्तकाचे नाव व मांडणीवरील त्याची जागा लिहिलेली असते. पत्र म्हणजे पुस्तक नव्हे. पत्र फाडून टाकले तरी पुस्तक मांडणीवर राहतेच. आणि पत्र खिशात घालून घरी नेले, तर वाचायला काहीच मिळत नाही. शॉर्टकटचे अगदी असेच आहे. विंडोज या कार्यप्रणालीत शॉर्टकट ही स्वतःच एक छोटी फाइल असते, बहुधा एकदोन किलोबाइटची. तिच्यात मूळ प्रोग्रॅमचा किंवा फाइलचा संपूर्ण पत्ता, दाखवावयाचे चित्र कोठून घ्यावे ही सूचना, मूळ फाइलचा आकार आणि तारखा असा मजकूर असतो. या फाइलचे पहिले ७६ बाइट म्हणजे तिचे शीर्ष. गंमत अशी, की त्यातल्या अगदी पहिल्या बाइटमध्ये ७६ हाच आकडा लिहिलेला असतो, म्हणजे शीर्ष स्वतःची लांबी प्रथम सांगते. डेस्कटॉपवर शॉर्टकट ओळखायचा कसा? चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात वळलेला छोटा बाण असतो. पेन ड्राइव्हवर काही उतरवून घेताना तो बाण दिसला, की थांबावे.

आता पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीकडे, म्हणजे टास्कबारकडे वळू. नेहमी लागणाऱ्या प्रोग्रॅमचे चिन्ह या पट्टीवर कायमचे बसवून ठेवता येते. त्याला ‘पिन’ करणे म्हणतात. सूचनाफलकावर कागद टाचावा तशीच ही क्रिया आहे, म्हणून आपण तिला ‘टाचणे’ म्हणू. प्रोग्रॅम चालू असताना पट्टीवरील त्याच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबा. उघडणाऱ्या यादीत ‘पिन टू टास्कबार’ असे शब्द दिसतील. ते निवडल्यावर वरवर पाहता काहीच घडत नाही. पण प्रोग्रॅम बंद करून पाहा. एरवी नाहीसे होणारे चिन्ह आता पट्टीवर टिकून राहते. उलट करावयाचे असेल तर त्याच यादीतून ‘अनपिन फ्रॉम टास्कबार’ निवडावे. मात्र प्रोग्रॅम चालू असताना टाचणी काढली, तर तो बंद होईपर्यंत चिन्ह पट्टीवरच दिसते. यावरून टाचणी निघालीच नाही असे समजू नका.

टाचणी काढली म्हणजे प्रोग्रॅम संगणकातून पुसला गेला, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. तालिकापत्र काढले, एवढेच. प्रोग्रॅम आपल्या फोल्डरमध्ये स्वस्थ असतो आणि स्टार्ट मेनूतून केव्हाही उघडता येतो. याच्या उलट समजूतही तितकीच चुकीची आहे. चकतीवर जागा मोकळी व्हावी म्हणून चिन्हे काढीत बसण्यात अर्थ नाही. त्याने जेमतेम किलोबाइटभर जागा सुटेल.

ही सोय पहिल्यापासून नव्हती. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली, तिच्याबरोबर टास्कबार व स्टार्ट बटण आले. त्या पट्टीवर चालू असलेल्या प्रोग्रॅमांचीच बटणे दिसत. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर ‘क्विक लाँच’ नावाची एक छोटी पट्टी आली. तिच्यावर शॉर्टकट ठेवता येत, पण ते चालू प्रोग्रॅमांच्या बटणांपासून वेगळे राहत. एकाच प्रोग्रॅमची एक खूण इकडे आणि एक बटण तिकडे, असा तो दुहेरी कारभार होता. २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ ने दोन्ही एकत्र केले आणि टाचण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या घराची एक वीट मात्र अजून शिल्लक आहे. साध्या प्रोग्रॅमांचे टाचलेले शॉर्टकट विंडोज ज्या फोल्डरमध्ये ठेवते, त्याच्या पत्त्यात ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ आणि ‘क्विक लाँच’ ही नावे आजही येतात. इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला, तरी त्याच्या नावाचा फोल्डर नांदतोच आहे!

चालू झालेली खिडकी नेमक्या त्याच टाचलेल्या चिन्हाखाली कशी येते, असा प्रश्न तुम्हांला पडेल. विंडोज ७ पासून प्रत्येक प्रोग्रॅमला एक ओळखनाम असते. खिडकीचे ओळखनाम आणि चिन्हाचे ओळखनाम जुळले, की दोन्ही एका बटणात बसतात. कधी कधी टाचलेले चिन्ह दाबल्यावर शेजारी तसेच दुसरे चिन्ह उगवते. तेथे ही नावे जुळलेली नाहीत असे समजावे.

परंतु एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर संगणकात नसून आपल्या हातात आणि डोळ्यांत आहे. स्वयंपाकघरात मोहरी, हळद, जिरे यांचा मिसळणाचा डबा शेगडीजवळ असतो आणि वर्षाचा साठा फडताळात असतो. हाताला सवय झालेली असते, न बघताही बोटे हळदीच्या वाटीकडे जातात. टाचलेली चिन्हेही आपली जागा सोडीत नाहीत, त्यामुळे ती शोधावी लागत नाहीत. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून १ दाबले तर पहिले टाचलेले चिन्ह उघडते, २ दाबले तर दुसरे.

लक्ष्यापर्यंत हात पोचायला किती वेळ लागतो, याचा अभ्यास पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात केला व तो १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने लेखणीसारख्या दांडीने टोकावयाचे, असा तो साधा प्रयोग होता. लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका वेळ अधिक, हे तर कोणीही सांगेल. फिट्सने त्याचे गणित मांडले. अंतराची दुप्पट करून तिला लक्ष्याच्या रुंदीने भागा, आणि येणारी संख्या २ चा कितवा घात आहे ते पाहा. हा घातांक म्हणजे कामाची अवघडता. अंतर ३२ सेंमी व रुंदी २ सेंमी असेल, तर ६४ भागिले २ म्हणजे ३२. हा २ चा पाचवा घात, म्हणून अवघडता ५. अंतर निम्मे, १६ सेंमी केले तर भागाकार १६, अवघडता ४. आणि अंतर ३२ च ठेवून रुंदी ४ सेंमी केली तरीही ४ च! अंतर निम्मे करणे आणि लक्ष्य दुप्पट रुंद करणे यांचा परिणाम सारखाच होतो. वेळ या अवघडतेच्या पटीत वाढतो, अधिक प्रत्येक वेळी लागणारा एक ठराविक अंश. माऊसच्या हालचालीलाही हाच नियम लागू पडतो, हे १९७८ मध्ये कार्ड, इंग्लिश व बर या संशोधकांनी दाखविले.

आता पट्टी कडेलाच का असते ते पाहा. माऊस कितीही जोराने खाली ओढला तरी बाण पडद्याच्या कडेला अडतो, पुढे जातच नाही. म्हणजे त्या दिशेने लक्ष्याची रुंदी जणू अमर्याद झाली, आणि नेम धरण्याची काळजी एका दिशेपुरतीच उरली. याचा अनुभव संगणकाशिवायही घेता येईल. टेबलावर ३२ सेंमी अंतरावर २ सेंमी रुंदीच्या कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवा व १५ सेकंदांत पेन्सिलीने किती वेळा टोकता येते ते मोजा. चुकलेले टोके वेगळे मांडा. मग ४ सेंमीच्या पट्ट्या लावून पुन्हा मोजा. वर्गातल्या सर्वांचे आकडे आलेखावर मांडले, तर शिक्षकांना एक तासिका छान रंगविता येईल.

मात्र पंचवीस चिन्हे टाचून ठेवली तर हा लाभ संपतो. चिन्हे शोधावी लागतात आणि पट्टीचे पुन्हा फडताळ होते.

पत्ता लिहिलेल्या चिठ्ठीचे दुखणे असे, की माणूस घर बदलतो. मूळ फाइल दुसरीकडे हलविली, तर शॉर्टकट निराधार होतो. एनटीएफएस पद्धतीच्या चकतीवर विंडोज फाइलच्या ओळखक्रमांकावरून तिचा माग काढण्याचा प्रयत्न करते, पण फाइल पुसलीच असेल तर इलाज नाही. यापेक्षा वाईट म्हणजे चिठ्ठीवर खोटा पत्ता असणे. पेन ड्राइव्हमधून पसरणारे काही विषाणू तुमचे फोल्डर अदृश्य करतात आणि त्याच नावांचे शॉर्टकट पुढे ठेवतात. तुम्ही फोल्डर समजून शॉर्टकट उघडता, आणि आधी विषाणू चालतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने तर शॉर्टकटचे चित्र दाखविण्याच्या क्रियेतीलच एक उणीव वापरली होती, चिन्ह दाबण्याचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती उणीव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दुरुस्त केली. आपल्या फोल्डरांना अचानक बाण फुटलेले दिसले तर ते उघडू नका. फाइली बहुधा शाबूत असतात, फक्त लपविलेल्या असतात. आधी शिक्षकांना दाखवा. उजव्या बटणाने ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘टार्गेट’ या चौकटीत कोणता पत्ता आहे, ते वाचता येते.

विंडोज ७ च्या रचनाकारांनी आणखी एक निर्णय जाणूनबुजून घेतला होता. प्रोग्रॅमने स्वतःला पट्टीवर टाचून घ्यावे, असा अधिकृत मार्गच त्यांनी ठेवला नाही. ठेवला असता तर प्रत्येक नवा प्रोग्रॅम पहिल्या जागेसाठी धडपडला असता. पुढे ही मुभा काहीशी मिळाली, पण वापरणाऱ्याची संमती घेण्याच्या अटीवर.

टाचलेली चिन्हे संगणकाची नसतात, ती त्या त्या खात्याची असतात. ज्या नावाने तुम्ही संगणकात प्रवेश करता, त्या नावापुरती ती पट्टी. संगणक-कक्षात सगळा वर्ग एकच खाते वापरीत असेल, तर सकाळच्या तुकडीने काढलेली टाचणी दुपारच्या तुकडीलाही निघालेलीच दिसेल.