टेबल वाइन (महाराष्ट्र)

टेबल वाइन म्हणजे द्राक्षरस आंबवून तयार केलेले, जेवणासोबत घेतले जाणारे मद्य. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ११ ते १४ टक्के असते. महाराष्ट्रातील तिच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र नाशिक होय. आयात वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के मूळ सीमाशुल्क असल्याने स्थानिक वाइन तुलनेने स्वस्त ठरली. शेनिन ब्लांसारखी पांढरी वाइन सहसा लाकडी पिंपात मुरवली जात नाही. त्यामुळे खर्च वाचतो. ती ताजी असतानाच चवदार लागते, म्हणून बाटलीवरील वर्ष पाहणे उपयुक्त ठरते.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने कारंजा (घाडगे) येथे वाइनची परवानाधारक विक्री होत नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने फळउत्पादकांच्या हिताचे कारण देऊन सुपरमार्केटमधील वाइनविक्रीस मान्यता दिली. तीतूनही दारूबंदीचे जिल्हे वगळण्यात आले होते.