जीपची नाडीपरीक्षा

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या थोडे अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै नावाचे गाव लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची शर्यतीची धावपट्टी तेथे १९९० पासून आहे, आणि १९९८ मध्ये त्याच गावच्या ह्युंदाईच्या कारखान्यातून नव्या मोटारी बाहेर पडू लागल्या. अशा नव्या मोटारीवर हात बसलेल्या चालकाला गिअर म्हणजे काय, ह्याचा विचार करण्याचे कारणच पडत नाही. त्याला एखाद्या जुन्या जीपवर बसवावे, पहिल्याच वळणावर दातांचा करकराट ऐकून तो म्हणेल, "गाडी बिघडली." ती बिघडलेली असेलही, नसेलही. हे ठरविता न आल्यामुळे आजवर किती धडधाकट गिअरपेट्या विनाकारण उघडल्या गेल्या असतील, त्याची गणती नाही.

जीप मूळची युद्धातली. १९४१ पासून अमेरिकेत विलिस कंपनीने आणि पाठोपाठ फोर्डने ती लाखोंनी बांधली. हिंदुस्थानात तिची जुळणी करण्याचे काम महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला हाती घेतले. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली, आणि जेथे एस. टी. पोचत नव्हती अशा गावांनी सरकार पाहिले ते बहुधा जीपमधून उतरताना. मामलेदार, गटविकास अधिकारी, देवीची लस टोचणारे पथक, सर्वांचे वाहन एकच. त्यांतल्या कित्येक जीपगाड्या सरकारी दप्तरातून कधीच्या निकाली निघाल्या. पण कोकणातल्या बागांत आणि घाटमाथ्यावरच्या वाड्यांवर त्या वंशातली एखादी गाडी अजून कामाला जुंपलेली दिसते.

तिच्या पोटातली रचना समजून घेतली म्हणजे पुढचे निदान सोपे जाते. इंजिनच्या मागे एक जड चक्र फिरत असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला लागून क्लचची तबकडी आणि तबकडीच्या मागे स्प्रिंगांनी दाबलेली प्रेशर प्लेट. पेडल मोकळे असते तेव्हा तबकडी ह्या दोहोंमध्ये घट्ट चिमटलेली असते आणि इंजिनची शक्ती गिअरपेटीत उतरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगांचा दाब हटतो, तबकडी सुटी होते. म्हणजे क्लचला दोनच गुण अंगी असावे लागतात: धरावे तेव्हा पक्के धरणे आणि सोडावे तेव्हा पुरते सोडणे. बहुतेक तक्रारी ह्यांपैकी एकात मोडतात, आणि दोन्हींची पहिली परीक्षा एकच आहे.

ती परीक्षा बोटांनी करावयाची असते. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने हलके दाबून पाहावे. बेअरिंग टेकून खरा विरोध लागेपर्यंत साधारण पाऊण ते एक इंच मोकळी चाल असली पाहिजे. तबकडीचे अस्तर झिजत जाते तशी ही चाल कमी कमी होत जाते. ती उरलीच नाही, तर चालकाचा पाय वर असूनही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. मग तो घसरतो, तापतो आणि जळका वास येऊ लागतो. उलट चाल फार वाढली, तर पेडल तळाला टेकले तरी तबकडी पुरती सुटत नाही. दोन्ही दुखण्यांवर जोडकाठीची लांबी कमीजास्त करणे हा पहिला उपाय. पान्याला दहा मिनिटांचे काम. परंतु मिस्त्री पुष्कळदा थेट गिअरपेटी उतरविण्याच्या गोष्टी बोलू लागतो.

क्लच घसरतो आहे किंवा कसे, हे सपाट रस्त्यावर पाहता येते. वरच्या गिअरमध्ये सावकाश चालत असताना एकदम वेग द्यावा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे गेली नाही, तर तबकडी पकड सोडीत आहे. चाल योग्य असूनही असे होत असेल, तर अस्तर झिजले आहे किंवा त्याला तेल लागले आहे. क्लचच्या कवचाखालच्या छिद्रातून ठिबकणारे तेल बोटावर घेऊन हुंगावे. गंधकासारखा उग्र दर्प आला तर ते गिअरपेटीचे. काळे, पातळ आणि बिनदर्पाचे असेल तर इंजिनच्या मागच्या बाजूचे. कोणते तेल गळते हे न पाहता नवी तबकडी बसविली, तर तीही थोड्याच दिवसांत तेलात भिजते.

क्लच सुटत नाही, ही तक्रार अधिक फसवी असते. कारण तिचे लक्षण गिअरच्या दांड्यावर उमटते. इंजिन बंद असताना सर्व गिअर सुरळीत पडतात आणि सुरू केल्यावर पडत नाहीत, तर संशय गिअरपेटीवर घेऊ नये. उभ्या गाडीत पेडल पुरते दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकून पाहावा. तेवढ्या अवधीत आतली चाके थांबावयास हवीत. तरीही दात करकरले, तर तबकडी कोठेतरी ओढली जात आहे. कोकणातल्या पावसात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ती गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीच असते. आणखी एक चोर फ्लायव्हीलच्या मध्यभागी लपलेला असतो: गिअरपेटीच्या दंडाचे टोक ज्यात फिरते ते लहानसे बुश. ते सुकून दंडाला धरून बसले, तर तबकडी सुटली तरी दंड फिरतच राहतो. बाहेरून दोन्ही लक्षणे सारखीच दिसतात.

कानालाही येथे काम आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि दाबताच थांबते, तर गिअरपेटीच्या पुढच्या बेअरिंगकडे पाहावे. पेडलवर पाय जेमतेम टेकताच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग. सबंध दाबल्यावर किरकिर उमटली, तर बहुधा ते मघाचे लहानसे बुश.

आता करकराटाकडे. जुन्या जीपच्या तीन गिअरांच्या पेटीत वेग जुळवून देणारी सिंक्रोची कडी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरलाच असते. पहिल्याला नाही, रिव्हर्सलाही नाही. धावत्या गाडीत पहिला टाकताना दात वाजणे, हा रोग नव्हे. तो तिचा स्वभाव. गाडी थांबवावी, नाहीतर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, इंजिनला किंचित वेग देऊन, पुन्हा क्लच दाबून गिअर घालण्याची जुनी विद्या शिकावी. दुसऱ्या-तिसऱ्यात मात्र करकर झाली, आणि क्लच नीट सुटत असल्याची खात्री असली, तर पितळी कड्या झिजल्या आहेत. पुष्कळांना ठाऊक नसते, की काही आधुनिक गिअर तेलांतली गंधकयुक्त द्रव्ये ह्या पितळी कड्यांना मानवत नाहीत, डब्यावर जी. एल. ५ दिसले की चांगले, असे समजून ओतलेले तेल येथे घात करू शकते. अशा पेटीला सामान्यतः जी. एल. ४ प्रतीचे मानवते.

खरी धास्ती बाळगावी ती गिअर आपोआप सुटण्याची. आंबोलीसारखा घाट उतरताना भरलेली जीप दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या आधाराने आवरलेली असते. दांडा एकाएकी न्यूट्रलमध्ये उडाला, की सगळा भार ब्रेकवर येतो. आणि जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक तापत गेले म्हणजे त्यांची पकड कमी होते. हे दुखणे एकदा दिसले, की दांडा हाताने धरून गाडी हाकण्याची वहिवाट पडते. ती मोडावी. दांडा धरून ठेवल्याने आतले काटे झिजतात आणि रोग वाढतो. कारणे साधारण अशी: गिअर जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग थकलेली, दातांची टोके गोलावलेली, दंडाला मागेपुढे फार खेळ आलेला. परंतु ह्याआधी गिअरपेटी आणि क्लचचे कवच जोडणारे बोल्ट ढिले तर नाहीत ना, हे पाहावे. ते ढिले झाले की पेटी तिरकी बसते. पायाखालचे रबर दांड्याला अडून गिअर पुरता पडू देत नाही, असेही घडते. निदान होईपर्यंत अशी गाडी घाटात नेऊ नये.

सुरुवात करताना गाडी थरथरत उचलते, ह्याचे एक कारण जीपचेच खास आहे. इंजिन रबरांवर बसलेले, आणि क्लचची जोडणी मात्र चौकटीला अडकलेली. इंजिन मागेपुढे हलू नये म्हणून ह्या गाड्यांत त्याला एक तारेचा दोर बांधलेला असतो. तो तुटला किंवा रबरे बसली, की क्लच पकडताच इंजिन सरकते, सरकल्याने क्लचची ओढ बदलते, पकड सुटते, पुन्हा बसते. चालकाला वाटते तबकडी गेली. कापडात गुंडाळून पान्यांच्या पेटीत ठेवून दिलेला हा दोर कित्येक गाड्यांत सापडतो. कोणीतरी कधीकाळी काढला आणि त्याचे प्रयोजन न उमगल्याने परत बांधला नाही.

तबकडी बदलावीच लागली, तर कवचातली धूळ फुंकू नये, हवेच्या नळीने उडवूही नये. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे आणि त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी.

राहता राहिला चारही चाके चालविणारा लहान दांडा. चिखलातून गाडी डांबरी रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांची शक्ती चालूच राहिली, तर वळणावर पुढची व मागची चाके निरनिराळे अंतर कापतात. घसरावयास माती नसल्याने ताण दंडांत साठतो आणि दांडा जागचा हलत नाही. त्यावर हातोडीची गरज नाही. गाडी सरळ रेषेत चार-सहा हात मागे घ्यावी. ताण उतरतो आणि दांडा आपसूक सुटतो.