संगणक सुरूच होत नाही, तेव्हा...

(जुना संगणक बंद पडला, की तो भंगारात टाकण्याची अनेकांना घाई होते. पण पुष्कळ वेळा बिघाड अगदी साधा असतो. तो क्रमाने कसा शोधावा, हे या पाठात सांगितले आहे.)



'नादुरुस्त' हा शब्द तुम्हांला नवीन नाही. उर्दूत आणि मराठीत तो वापरतात. सुट्टीनंतर शाळेची संगणक-खोली उघडली, की एखाद्या संगणकावर या शब्दाची चिठ्ठी लागते. तो संगणक मग कोपऱ्यात जातो आणि तिथेच राहतो. पण चिठ्ठी लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा. तो नेमका कुठे अडला आहे?

हकीम औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. संगणकाचेही तसेच आहे. त्याची नाडी पाहायची, तर तो सुरू कसा होतो हे आधी समजून घेऊ.

तुम्ही कळ दाबता, तेव्हा तीन कामे एकामागून एक होतात. पहिले काम विजेचे. आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची असते. संगणकाच्या नाजूक भागांना एवढा दाब सोसत नाही. म्हणून पेटीत मागच्या बाजूला विजेचा एक डबा बसवलेला असतो. तो 12, 5 आणि 3.3 व्होल्टची वीज तयार करून देतो. दुसरे काम तपासणीचे. मुख्य पटलावर, म्हणजे मदरबोर्डवर, 'बायोस' नावाचा छोटा कार्यक्रम साठवलेला असतो. तो स्मृती, कळफलक वगैरे भाग जागेवर आहेत का, ते पाहतो. 1981 साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातही अशी तपासणी होत असे. तिसरे काम शोधाचे. बायोस हार्ड डिस्कवरून मुख्य कार्यप्रणाली शोधतो आणि स्मृतीत आणायला सुरुवात करतो. मग पडद्यावर ओळखीचे चित्र दिसते.

आता बिघाड शोधणे सोपे झाले. दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही, तर पहिल्या पायरीवर अडले. पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर बहुधा दुसऱ्या पायरीवर. पडद्यावर अक्षरे येतात आणि तिथेच थांबतात, तर बहुधा तिसऱ्या पायरीवर.

पहिली पायरी : भिंतीवरच्या सॉकेटमध्ये टेबल-लॅम्प लावून पाहा. तो लागला नाही, तर दोष संगणकाचा नाहीच! लॅम्प लागला, तर वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का, ते पाहा. विजेच्या डब्यावर मागे एक छोटी कळ असू शकते. तिच्यावरील उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. काही जुन्या डब्यांवर 115 आणि 230 असे आकडे असलेली आणखी एक कळ असते. आपल्याकडे ती 230 वरच असली पाहिजे. चुकून 115 वर ठेवून वीज दिली, तर डबा जळू शकतो.

दुसरी पायरी : आधी पडद्याचा स्वतःचा दिवा आणि त्याची केबल पाहा. मग कान द्या. अनेक जुने संगणक तपासणी ठीक झाली, की एकदाच 'बीप' करतात. लांब किंवा पुन्हा पुन्हा येणारे बीप बिघाड सांगतात. प्रत्येक कंपनीची ही खूण वेगळी असते. पण जुन्या संगणकात स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, नीट न बसणे हे नेहमीचे कारण आहे. दमट हवेने आणि धुळीने तिच्या सोनेरी कडेवर थर बसतो. शिक्षकांच्या समोर पेटी उघडा. त्याआधी प्लग काढून ठेवा. पेटीच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. पट्टी काढून तिची कड मऊ खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि पट्टी पुन्हा दाबून बसवा. दोन्ही बाजूंच्या खुंट्या आपोआप लागल्या पाहिजेत.

तिसरी पायरी : पडद्यावर तारीख जुनीच दिसते का? मग पटलावरील नाण्यासारखी बॅटरी संपली असेल. तिच्यावर बहुधा 'सीआर 2032' असे लिहिलेले असते. तिची रुंदी 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2 मिलिमीटर, म्हणून हा आकडा. ती संपली, की संगणक तारीख आणि इतर नोंदी विसरतो. बॅटरी बदला आणि तारीख पुन्हा भरा. 'नॉन-सिस्टिम डिस्क' असा संदेश आला, तर पेनड्राइव्ह किंवा फ्लॉपी आत राहिली आहे का, ते आधी पाहा.

मात्र हार्ड डिस्कमधून 'टक् टक्' असा आवाज येत असेल, तर संगणक लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिले, तर डिस्कचे नुकसान वाढते. येथेच खरे मोल पणाला लागते. बॅटरी, पट्टी, डबा हे सारे बाजारात मिळते. पण त्या डिस्कवर एखाद्याने दोन वर्षे खपून लिहिलेला प्रबंध असेल. आता हयात नसलेल्या दादाजानचा आवाज असेल. तो कोणत्या दुकानात मिळेल? कारागीर म्हणाला, "फॉरमॅट करून टाकू," तर त्याला थांबवा. आधी आतली माहिती उतरवून घ्यायला सांगा. संगणक बिघडला, तरी डिस्क चांगली असू शकते. मग ती दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येते.

दोन गोष्टी कायम लक्षात ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. चार भाग एकदम बदलले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे विजेचा डबा आणि जुना, काचेच्या नळीचा पडदा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांत धोकादायक वीज साठून राहते. ते काम जाणकाराचेच.

एवढे करूनही संगणक सुरू झाला नाही, तर तो कचऱ्यात फेकू नका किंवा त्याच्या तारा जाळू नका. जुन्या पडद्याच्या काचेत आणि जोडकामात शिसे असते, आणि तारा जाळल्यावर विषारी धूर निघतो. भारतात 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. असा संगणक नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावा.

पण ती शेवटची पायरी आहे. त्याआधी पाहणे, ऐकणे आणि विचार करणे या तीन पायऱ्या आहेत. त्या चढायला पैसा लागत नाही, धीर लागतो.

स्वाध्याय

1. संगणक सुरू होताना कोणती तीन कामे होतात?
2. पंखा फिरतो पण पडदा काळाच आहे. तुम्ही क्रमाने काय काय पाहाल?
3. कारणे लिहा : (अ) विजेचा डबा उघडू नये. (आ) एका वेळी एकच बदल करावा.
4. मराठीत व उर्दूत सारख्या अर्थाने वापरले जाणारे पाच शब्द लिहा.