एक वचन, दोन वाचक

बायबल वाचतांना श्रद्धावान आणि अश्रद्ध यांचे निष्कर्ष भिन्न होतात, याचें कारण दोघे ग्रंथाला निरनिराळे प्रश्न विचारतात. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील ७ व्या अध्यायाचें १४ वें वचनच पाहावें. इसवी सनापूर्वीं ८ व्या शतकांत यहूदाचा राजा आहाज हा अराम व इस्राएल येथील राजांच्या चढाईनें भयभीत झाला होता. संदेष्टा त्याला एका बालकाच्या जन्माची खूण देतो: तें बरेंवाईट जाणूं लागण्यापूर्वींच शत्रूंचे देश उजाड होतील. त्या बालकाच्या मातेला मूळ हिब्रूंत ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री, म्हटलें आहे. पुढें ग्रीक भाषांतरांत कुमारिकावाचक ‘पार्थेनोस’ हा शब्द आला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांत तें वचन येशूच्या जन्माला लावलें गेलें.

अश्रद्ध वाचक विचारतो, हें कोणीं, कोणाला, कोणत्या संकटांत सांगितलें? त्याला आहाजाचा काळ पुरेसा वाटतो. ख्रिस्ती भाविक सर्व ग्रंथांमागें एकच कर्ता मानतो; म्हणून जुन्या वचनाचा पूर्ण अर्थ नंतरच्या घटनेंत उमगावा, हें त्याला स्वाभाविक वाटतें. १९५२ सालीं अमेरिकेंतील सुधारित इंग्रजी बायबलांत ‘तरुण स्त्री’ असें छापलें जातांच मोठा वाद माजला, तो यामुळेंच.

परंतु यहुदी वाचक श्रद्धावान असूनही ‘तरुण स्त्री’ असेंच वाचतो. तेव्हां ग्रंथ कोठें संपतो असें मानावें, यावरही अर्थ अवलंबून असतो. दुसऱ्याचा प्रश्न ओळखल्यानें मतैक्य होईलच असें नाहीं; मात्र त्याला मूढ किंवा पाखंडी ठरविण्याची घाई तरी टळेल.